गिफ्ट सेट परदेशी पाठवताना: आधी कोड, मग खोका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात तुम्ही हातकागदाच्या डायऱ्या, वह्या, शुभेच्छापत्रं आणि दिवाळीचे गिफ्ट बॉक्स बनवता. न्यू जर्सीतल्या एका दुकानाने ३०० बॉक्स मागवलेत, दुबई आणि जर्मनीतूनही विचारणा आली आहे. ओळखीचा कुरियरवाला म्हणतो, ‘गिफ्ट लिहून टाका, काही लागत नाही.’ हे खरं का, आणि नसेल तर काय काय करावं लागेल?

खरं नाही. न्हावा शेवा बंदरात आणि सहारच्या विमानतळावर कस्टम्स क्लिअरिंगचं काम करताना छोट्या व्यापाऱ्यांचा जो माल अडकलेला पाहतो, त्यात बराचसा याच सल्ल्यामुळे अडकलेला असतो.

कस्टम्सच्या लेखी गिफ्ट हा मालाचा प्रकार नाही, ते पाठवण्याचं कारण आहे. तुम्ही भाचीला पैसे न घेता डायरी पाठवली तर ते गिफ्ट. आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू अशा रीतीने पाठवता येतात, फक्त त्या निर्बंधित यादीतल्या नसाव्यात. पलीकडेही सवलत आहे. अमेरिकेत १०० डॉलर, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरोपर्यंतची खरी भेट करमुक्त जाते, पण ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली असेल तरच. दुकानाने पैसे मोजून मागवलेला माल यात कुठेही बसत नाही, मग त्यावर रिबन बांधलेली असो वा नसो.

तरी गिफ्ट लिहून पाठवलाच तर पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. बिघडतं ते नंतर. दुकानाचे डॉलर तुमच्या खात्यात येतात आणि बँक विचारते, हे कशाचे? दाखवायला व्यापारी शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला दिलेलं निर्यातीचं घोषणापत्र, नसतं. जीएसटी अधिकारी विचारतो, कर न भरता गेलेला हा माल देशाबाहेर गेल्याचा पुरावा काय? तोही नसतो. आणि किंमत कमी दाखवलेली सापडली, तर सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ११४एएखाली खोट्या घोषणेचा दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. कुरियरवाल्याचं यात काही जात नाही, कारण सही तुमची असते.

कागदपत्रांचा पाया सोपा आहे, म्हणून लवकर उरकतो. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. तो डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो आणि त्याचा क्रमांक तुमचा पॅन असतो तोच. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन तो अद्ययावत करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. हे विसरलं की कोड निष्क्रिय होतो आणि ते कळतं नेमकं माल विमानतळावर पोचल्यावर. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकशाखेचा क्रमांक) पत्र घेऊन ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवायचं. न्हावा शेव्याला नोंदवलेला एडी कोड सहारला आपोआप चालत नाही. जीएसटीत आरएफडी-११ हा फॉर्म भरून एलयूटी (हमीपत्र) घ्यायचं, दर आर्थिक वर्षी नवं. एलयूटीवर कर न भरता माल पाठवता येतो, मात्र इनव्हॉइसच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो देशाबाहेर गेला पाहिजे.

आता खरा विषय, तुमचा बॉक्स. त्यात डायरी, पेन, पितळी दिवा, अगरबत्ती आणि शुभेच्छापत्र आहे असं तुम्ही लिहिलंय. गिराईकाला ही एक वस्तू दिसते. कस्टम्सला पाच दिसतात. मालाच्या जागतिक वर्गीकरणात प्रत्येक वस्तूला चार अंकी शीर्षक, म्हणजे कोड असतो, त्यातले पहिले दोन अंक प्रकरणाचे. डायरी आणि वही ४८२० मध्ये, शुभेच्छापत्र ४९०९ मध्ये, बॉलपेन ९६०८ मध्ये, तेलाचा दिवा ९४०५ मध्ये, अगरबत्ती ३३०७ मध्ये. कॅलेंडर घातलंत तर ४९१०, लाकडी शोभेची वस्तू असेल तर ४४२०, पितळी मूर्ती ८३०६. सावंतवाडीची गंजिफा घातली तर ती कितीही सुंदर हस्तकला असली तरी खेळायचे पत्ते म्हणून ९५०४. डायरीला पैठणीच्या कापडाचं किंवा चामड्याचं कव्हर घातलं म्हणून ती कापडाच्या वा चामड्याच्या प्रकरणात जात नाही, ४८२० मध्येच राहते.

मग संच म्हणून एकच कोड लावता येतो का? येतो, पण अटी आहेत. वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतला ३(ब) म्हणतो की वेगवेगळ्या शीर्षकांतल्या किमान दोन वस्तू एका विशिष्ट गरजेसाठी किंवा कामासाठी एकत्र ठेवलेल्या असाव्यात, आणि पुन्हा पॅक न करता थेट गिराईकाला विकता येतील अशा बांधलेल्या असाव्यात. मग ज्या वस्तूने संचाला त्याचं मुख्य स्वरूप येतं तिचा कोड सगळ्यांना. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात याचं उदाहरण म्हणून जवळजवळ आपली शाळेतली कंपासपेटीच दिली आहे. पट्टी, कंपास, पेन्सिल, शार्पनर, सगळं एका पाकिटात आणि सगळं ९०१७ मध्ये, कारण सगळ्यांचं काम एकच, आकृती काढणं. उलट दारूची बाटली आणि वाइनची बाटली एका खोक्यात ठेवली तर तो संच नाही, दोन्हींचं वर्गीकरण वेगळं, असंही तिथेच लिहिलंय.

तुमच्या बॉक्सला हेच लावून बघा. डायरी, पेन आणि पेन्सिल हा लिहिण्याचा संच झाला, तो ४८२० मध्ये नेण्याचा युक्तिवाद टिकतो. पण डायरीशेजारी अगरबत्ती आणि दिवा आला की ‘विशिष्ट काम’ कोणतं ते सांगता येत नाही. दिवाळी हे काम नव्हे. तिथे पाच ओळी, पाच कोड, पाच किमती. यात भीतीचं काही नाही, फक्त इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट तशी बनवायला हवी. ‘असॉर्टेड गिफ्ट आयटम्स’ अशी एक ओळ लिहिलेलं इनव्हॉइस माझ्याकडे आलं तर मी ते परत पाठवतो. माझं मत विचाराल तर परदेशासाठी वेगळा बॉक्स करा, फक्त लेखनाचा. दिवा-अगरबत्तीचा बॉक्स हवा असेल तर तो वेगळा विका. एका बॉक्समधल्या एका वस्तूची शंका आली तरी सगळी खेप थांबते.

आणि ते पेन कुठून घेता? मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घाऊक आणत असाल तर डब्यावरचा मूळ देश वाचा. चिनी पेन तुम्ही पुण्यात सुंदर बॉक्समध्ये ठेवलं म्हणून ते भारतीय होत नाही. उगम बदलायला वस्तूवर खरी प्रक्रिया व्हावी लागते, नुसतं पॅकिंग पुरत नाही. अमेरिकेत चीनच्या मालाला वेगळा कर लागतो. लाकडी पेन्सिलींवर तर १९९४ पासून चीनविरुद्ध अँटी-डंपिंगचा, म्हणजे फार स्वस्तात लोटलेल्या मालावरच्या जादा कराचा, आदेश आहे. बॉक्सवर ‘मेड इन इंडिया’ आणि आत चिनी पेन्सिल, हे तिथल्या तपासणीत सापडलं तर दुकानदार दुसऱ्यांदा तुमच्याकडे येणार नाही. भारतीय पेन आणि पेन्सिल वापरा, आपल्याकडे चांगल्या बनतात. प्रत्येक वस्तूवर मूळ देश ठळक छापा. अमेरिकेत तो कायदेशीर नियम आहे.

वह्यांबद्दल एक गोष्ट तुम्हाला कुणीच सांगितलेली दिसत नाही. वहीत रेघा आहेत का? भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या रेघांच्या वह्यांवर २००६ पासून अँटी-डंपिंग आणि काउंटरव्हेलिंग (सरकारी अनुदानावरचा उतारा), असे दोन्ही जादा कर आहेत. व्याख्या मापांनी बांधलेली आहे. दहा किंवा जास्त पानं, लहान बाजू ६ ते १५ इंच, मोठी बाजू पावणेनऊ ते १५ इंच. म्हणजे ए-४ आणि बी-५ आकाराची रेघांची वही यात सापडते. ए-५ ची लहान बाजू ६ इंचांपेक्षा थोडी कमी भरते, त्यामुळे ती बाहेर. कोऱ्या पानांची वही बाहेर. पुठ्ठा, पाठीची पट्टी आणि वर कव्हर अशी पक्की पुस्तकबांधणी असलेलीही बाहेर, तारखांचे प्लॅनरही बाहेर. शिवलेल्या मऊ कव्हरच्या, मोठ्या आकाराच्या, रेघांच्या वहीला मात्र हा कर चिकटतो. तेव्हा तुमची बी-५ वही कोरी ठेवा किंवा ए-५ करा. हातकागदावर रेघा शोभतही नाहीत, हे माझं खासगी मत.

तरी मोठी रेघांची वहीच हवी असं दुकान म्हणालं, तर तो कर तिथल्या आयातदाराने भरायचा असतो. ‘आम्ही भरतो, तुम्ही नंतर बिलातून वळते करून द्या’ असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. निर्यातदाराने अँटी-डंपिंग कराची भरपाई केली असं आढळलं तर तो कर दुप्पट होऊ शकतो.

बॉक्समध्ये काय घालू नये याची यादी लांब आहे, तुमच्या कामाशी संबंधित तेवढंच सांगतो. मोरपीस नाही. मोराची पिसं आणि त्यांच्या वस्तू यांची भारतातून निर्यात बंद आहे, डायरीत खूण म्हणून ठेवलेलं एक पीससुद्धा त्यातच. बियांचा कागद, म्हणजे पेरला की रोप उगवतं तो, भारतात लोकप्रिय आहे आणि तुमच्या फोटोंत दिसतोय. परदेशातलं वनस्पती संरक्षण खातं त्याला कागद मानत नाही, बियाणं मानतं. फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचं, प्रमाणपत्र आणि बहुतेक ठिकाणी आयात परवाना लागतो. पहिल्या ऑर्डरमध्ये या भानगडीत पडू नका. भरणीला वाळलं गवत, भाताचा पेंढा वापरू नका, कागदाचे कातरे वापरा. मोठे खोके लाकडी पॅलेटवर चढणार असतील तर त्या लाकडावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे कीड मारायची प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा; प्लायवूडला तो लागत नाही.

झाकणात लोहचुंबक असलेले बॉक्स सध्या फॅशनमध्ये आहेत. एकेक बॉक्स निरुपद्रवी, पण ३०० एकत्र आले की विमान कंपनी चुंबकत्वाची चाचणी मागू शकते. समुद्रमार्गे जाणार असाल तर प्रश्न नाही, विमानाने जाणार असाल तर रिबन बांधा. गाणारं शुभेच्छापत्र, दिवे लागणारं पेन, म्हणजे बॅटरी असलेलं काहीही, आधी फॉरवर्डरला, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्याला, दाखवा. शाईच्या बाटल्या आणि अगरबत्ती यांचा एमएसडीएस, म्हणजे घटक आणि धोके सांगणारा कागद, जवळ ठेवा.

शिसवीच्या लाकडाची पेनस्टँड करणार असाल तर शिसम आणि शिसवीचा सगळा दालबर्जिया कुल २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यासाठी हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषद, म्हणजे ईपीसीएच, ‘वृक्ष’ प्रमाणपत्र देते. त्याआधी लाकूड कायदेशीररीत्या घेतल्याची बिलं लागतात, ती वखारवाल्याकडून पहिल्या दिवसापासून मागा. आंबा किंवा बाभूळ वापरलंत तर ही दगदग टळते. पितळी दिव्यांबाबत एवढंच की मुद्दाम जुनाट दिसेल असा रंग दिलेला माल तपासणीत थांबतो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती बाहेर नेता येत नाही. नवाच माल आहे हे दाखवायला पुरातत्त्व खात्याचा दाखला आणावा लागतो. चकचकीत पितळ पाठवा, कुणी विचारणार नाही.

मार्ग कोणता घ्यायचा हे वजनावर ठरतं. स्टेशनरीत सगळे घनफळाचा हिशोब विचारतात, पण कागद जड असतो. तुमच्या मालाला बहुधा प्रत्यक्ष वजनच लागेल. नमुन्याचे दोन-चार बॉक्स कुरियरने सीएसबी-५ वर पाठवा. हा कुरियरच्या शिपिंग बिलाचा व्यापारी फॉर्म आहे आणि त्यावर माल निर्यात म्हणून मोजला जातो. त्याची मर्यादा २०२३ च्या धोरणात ५ लाखांवरून १० लाखांवर नेली होती, तुमच्या नमुन्यांना तेवढीही भरपूर होती. सप्टेंबर २०२४ पासून कुरियरने गेलेल्या मालालाही ड्रॉबॅक आणि रोडटेप (मालावर आधी बसलेल्या करांचे परतावे) मिळू लागले, जानेवारी २०२६ पासून टपालाने गेलेल्या मालालाही. टपाल खात्याची डाक निर्यात केंद्रं छोट्या पार्सलांसाठी खरंच चांगली आहेत. घरबसल्या पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरता येतं आणि ते कुरियरपेक्षा स्वस्त पडतं. सुटी, एकेका गिराईकाची विक्री सुरू झाली की तोच रस्ता धरा.

३०० बॉक्सची खेप मात्र कुरियरची नव्हे. एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जागा घेऊन समुद्राने पाठवा. महिना-दीड महिना धरून चाला, दिवाळीच्या मालाला म्हणून जुलै-ऑगस्टातच निघावं लागतं. म्हणजे ऐन पावसात. हातकागद हवेतला ओलावा ओढून घेतो, पानं लाटांसारखी होतात. प्रत्येक बॉक्सला आवरण, आत सिलिका जेल, बाहेर सात प्लायचा खोका. यात काटकसर नको. समुद्राने अमेरिकेला जाणाऱ्या मालाची माहिती जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी तिथे भरावी लागते. जबाबदारी आयातदाराची, पण आकडे तुमच्याकडून जातात. पॅकिंग लिस्ट उशिरा दिलीत तर दंड त्याला बसेल आणि राग तुमच्यावर निघेल.

शिपिंग बिल भरण्याआधी तुमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करणारा एजंट, ‘चेकलिस्ट’ (बिलाचा मसुदा) पाठवेल. बहुतेक लोक ती न वाचता ‘ओके’ करतात. तुम्ही तीन गोष्टी बघा. इनव्हॉइस नंबर जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात जसा टाकणार तसाच आहे का, शून्य आणि तिरक्या रेघेसकट. आयजीएसटी भरून परतावा मागणाऱ्यांचे पैसे ‘एसबी ००५’ या चुकीने अडकतात ते यातच. रोडटेपच्या रकान्यात होकार आहे का. तो राहिला तर नंतर मिळवणं महाकठीण. आणि एडी कोड ज्या बँकेचा आहे, पैसे तिथेच येणार आहेत ना.

आता पलीकडची बाजू. अमेरिकेत ८०० डॉलरखालचा माल करमुक्त जायचा, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्यामुळे सुट्या पार्सलांवरही आता कर लागतो. डायरीचा मूळ दर शून्य असला तरी वरचे जादा कर सरकारी आदेशांनी बदलत राहतात, म्हणून माल काढायच्या आठवड्यात दुकानाच्या ब्रोकरकडून लेखी दर घ्या. पितळी दिव्यासारख्या धातूच्या वस्तूंचा दर वेगळा विचारा. पोलाद, अॅल्युमिनियम, तांबे यांच्या बऱ्याच वस्तूंवर तिथे स्वतंत्र जादा कर आहे. करार एफओबी न्हावा शेवा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच तुमची जबाबदारी, असाच करा. डीडीपी, म्हणजे तिथला कर तुम्ही भरून दारात पोचवणं, हे पहिल्या ऑर्डरला नको. दुकानदार मागेल, कारण त्याला सोयीचं आहे. डायऱ्या मुलांसाठी असतील, चित्रांच्या, रंगीत, तर तिथे शिशाच्या मर्यादा लागतात: रंगाच्या थरात दशलक्ष भागांत ९०, आतल्या पदार्थात १००. आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. मोठ्यांच्या स्टेशनरीला ही कटकट नाही.

दुबई सगळ्यांत सोपं. तिथला सर्वसाधारण दर ५ टक्के, आणि १ मे २०२२ पासूनच्या भारत-यूएई करारात बऱ्याच मालावर तोही शून्य. मात्र त्यासाठी करारानुसारचं उगम प्रमाणपत्र ऑनलाइन काढावं लागतं; मराठा चेंबरकडून मिळणारं साधं उगम प्रमाणपत्र वेगळं, त्यावर ही सूट मिळत नाही.

जर्मनीत उलटं आहे. कागदी मालावर आयात शुल्क शून्य, व्हॅट १९ टक्के, आणि त्रास शुल्काचा नसून नियमांचा. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या बहुतेक ग्राहक-वस्तूंवर संघातल्या एका जबाबदार व्यक्तीचं किंवा कंपनीचं नाव, पत्ता आणि ईमेल लागतो. तिथला दुकानदार स्वतः आयात करत असेल तर ते नाव त्याचं. तुम्ही संकेतस्थळावरून थेट गिराईकाला विकत असाल तर असा प्रतिनिधी पैसे देऊन नेमावा लागतो. शिवाय जर्मनीत वेष्टनाची ‘लुसिड’ नोंदणी आहे. जंगलतोडीविरुद्धचा युरोपीय कायदाही येतोय. लाकूड आणि ४८व्या प्रकरणातला कागद त्यात आहे, अंमलबजावणी दोनदा पुढे गेली आणि मोठ्या-मध्यम कंपन्यांसाठी आता ३० डिसेंबर २०२६ ही तारीख आहे. तुमचा हातकागद होजिअरीच्या कापसाच्या चिंध्यांपासून होतो, लाकडाच्या लगद्यापासून नाही, हे तुमच्या बाजूचं आहे. कागद ज्यांच्याकडून घेता त्यांच्याकडून तसं लेखी घेऊन ठेवा. जर्मन गिराईक ते मागणारच.

शेवटी पैसे. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. बँकेला ती ‘पी०१०३’ या उद्देश-कोडखाली जमा करायला सांगा, म्हणजे ती निर्यातीची आगाऊ रक्कम म्हणून नोंदते. उरलेली रक्कम आणण्याची मुदत नऊ महिने होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती पंधरा केली. पण दुकानदाराला हे सांगू नका, त्याला बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीच्या, प्रतीवर पैसे द्यायला सांगा. पैसे आले की शिपिंग बिल ईडीपीएमएस या निर्यातीच्या पैशांच्या नोंदप्रणालीत बंद करून घ्यायचं. १० लाखांपर्यंतच्या बिलांना ऑक्टोबर २०२५ पासून तुमच्या घोषणापत्रावर ते बंद करता येतं, बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला हे परिपत्रक माहीत नसेल तर छापून न्या. बंद न केलेलं बिल बँकेच्या प्रणालीत थकीत दिसत राहतं, आणि पुढच्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी बँक आधी त्याचंच विचारते.